घाटातील ‘बँकर’ : रेल्वेगाडीला मागून रेटणारी इंजिने

मुंबईहून पुण्याकडे जाणारी लांब पल्ल्याची गाडी कर्जतला थांबते, नाशिककडे जाणारी गाडी कसाऱ्याला थांबते. वेळापत्रकात हे थांबे काही मिनिटांचेच असतात. प्रवासी त्या अवधीत फलाटावर उतरून चहा-वडा घेतात. कर्जतच्या बटाटावड्याच्या ख्यातीमागे हा थांबाही आहेच. मात्र गाडी तेथे थांबते ती प्रवाशांसाठी नव्हे. त्या थोड्या वेळात गाडीच्या शेवटच्या डब्यामागे आणखी दोन किंवा तीन इंजिने जोडली जातात आणि पुढील घाट ती गाडी पुढून ओढली जाऊन व मागून रेटली जाऊन चढते. मागच्या या साहाय्यक इंजिनांना रेल्वेच्या भाषेत ‘बँकर’ म्हणतात.

नगर जिल्ह्यातून रेल्वेने मुंबईला जाण्याचे मार्ग दोन. एक दौंड-पुण्यावरून बोरघाटाने, दुसरा मनमाड-नाशिकवरून थळघाटाने. परतताना यांपैकी एक घाट चढावाच लागतो. त्यामुळे जिल्ह्याच्या हद्दीत कोठेही बँकर दिसत नसला, तरी मुंबई-नगर प्रवासाला लागणारा वेळ, त्या मार्गावर धावू शकणाऱ्या गाड्यांची संख्या आणि मालवाहतुकीची क्षमता या सर्वांचा या इंजिनांशी निकटचा संबंध आहे.

नावाचा उगम

‘बँकर’ या शब्दाचा पैशांच्या बँकेशी काही संबंध नाही. ब्रिटिश रेल्वेच्या परिभाषेत चढणीला ‘बँक’ म्हणत. त्या चढणीवर गाडीला मदत करणारे इंजिन ते बँकर. अमेरिकेत अशा इंजिनांना ‘हेल्पर’ अथवा ‘पुशर’ म्हणतात. भारतात रेल्वेची परिभाषा ब्रिटिशांकडून आल्याने बँकर हाच शब्द रूढ झाला.

या परिभाषेतील आणखी एक गंमत घाटात लक्षात येते. मुंबईपासून दूर जाणारी गाडी ‘डाउन’ आणि मुंबईकडे येणारी ‘अप’ समजली जाते. त्यामुळे बोरघाट व थळघाट चढणाऱ्या सर्व गाड्या कागदोपत्री ‘डाउन’ असतात आणि घाट उतरणाऱ्या गाड्या ‘अप’!

चढाचे गणित

रेल्वेचे लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालते. या दोहोंमधील घर्षण फार कमी असते आणि तेच रेल्वेचे सर्वांत मोठे बलस्थान आहे. सपाट मार्गावर मंद गतीने चालणाऱ्या १,२०० टन वजनाच्या गाडीला पुढे नेण्यास अवघे तीन-चार टन ओढबळ पुरते. परंतु तेच घर्षण चढावर रेल्वेचे वैगुण्य ठरते.

बोरघाट व थळघाट या दोन्ही घाटांतील सर्वांत तीव्र चढ ‘एकास सदतीस’ असा आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर मार्ग १ फूट वर चढतो. मोटारीच्या रस्त्याच्या दृष्टीने हा चढ किरकोळ वाटेल. रेल्वेच्या दृष्टीने मात्र तो अतितीव्र आहे. अशा चढावर गाडीच्या वजनाचा सदतिसावा हिस्सा तिला सतत मागे खेचत असतो. १,२०० टनांच्या गाडीच्या बाबतीत हा भार सुमारे ३२ टन होतो. इंजिनाला स्वतःचे वजनही वर न्यायचे असते. त्यात चाकांचा व वळणांचा विरोध मिळवला की, एकूण गरज ४० टनांच्या घरात जाते.

प्रवासी गाड्यांसाठी आज सर्रास वापरले जाणारे ‘डब्ल्यूएपी-७’ हे विद्युत इंजिन सुमारे १२३ टन वजनाचे असून त्याचे कमाल ओढबळ सुमारे ३३ टन आहे. ही मर्यादाही रूळ कोरडे असतानाची. पावसाळ्यात ओल्या रुळांवर चाकांची पकड घटते, चाके जागच्या जागी फिरू लागतात आणि मोटारीत कितीही ताकद असली तरी ती रुळापर्यंत पोहोचत नाही. सह्याद्रीच्या घाटांत वर्षातील चार महिने हीच स्थिती असते. म्हणून प्रश्न केवळ अश्वशक्तीचा नसून रुळावर पकड घेणाऱ्या चाकांच्या संख्येचा व त्यांवरील वजनाचा आहे. जादा इंजिन म्हणजे अशी जादा चाके. चार हजार टनांच्या मालगाडीला तर केवळ चढासाठीच शंभर टनांहून अधिक बळ लागते. ते एका इंजिनाच्या आवाक्यापलीकडचे आहे.

इंजिने मागेच का?

जादा इंजिने पुढे जोडूनही गाडी ओढता आली असती. परंतु गाडीचे सर्व वजन पुढूनच ओढले, तर पहिल्या काही डब्यांमधील जोडण्यांवर सगळा ताण एकवटतो आणि जोडणी तुटण्याचा धोका वाढतो. निम्मे बळ मागून लावले की हा ताण विभागला जातो. दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे. चढावर मधलीच एखादी जोडणी तुटली, तर मागे राहिलेले डबे उताराने सुटू नयेत म्हणून त्यांच्या पाठीशी एक भक्कम आधार लागतो. तो आधार बँकर देतो.

मागून रेटण्यालाही मर्यादा आहेत. वळणावर मागचा रेटा प्रमाणाबाहेर वाढला, तर मधला हलका डबा रुळांवरून उचलला जाण्याची भीती असते. त्यामुळे पुढच्या व मागच्या इंजिनांचा मेळ सतत राखावा लागतो.

एकास सदतीस : एका निर्णयाची किंमत

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी गाडी धावली. ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’ अर्थात जीआयपी कंपनीचे लक्ष्य मात्र ठाणे नव्हते. दख्खनचा कापूस मुंबई बंदरात आणणे हे तिचे उद्दिष्ट होते आणि त्या वाटेत सह्याद्री आडवा होता. १८५६ मध्ये लोहमार्ग घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत आला. घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. मधल्या घाटात मात्र प्रवाशांना पालखी, घोडे व बैलगाड्यांचा आश्रय घ्यावा लागे.

कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांनी घाटाची वारंवार सर्वेक्षणे करून मार्ग निश्चित केला. बोरघाटाची चढण सुमारे १५ मैल ७ फर्लांग लांब असून तेवढ्या अंतरात मार्ग १,८३१ फूट उंची गाठतो. चढ याहून मंद ठेवायचा, तर मार्ग कितीतरी लांबवावा लागला असता आणि बोगदे व पुलांची संख्या वाढली असती. डायनामाइट व यांत्रिक छिद्रक यांच्या पूर्वीचा तो काळ होता. काळा कातळ हातातील पहार-छिन्नीने व सुरुंगाच्या दारूने फोडला जात असे. १८६१ मध्ये या कामावर ४२ हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकी व तापाच्या साथी, दरडी आणि सुरुंगाचे अपघात यांत हजारो मजूर मृत्युमुखी पडले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हेही १८५९ मध्ये काम हाती घेतल्यावर काही दिवसांतच खंडाळ्यात मरण पावले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी व्यवस्थापक नेमून ठेका पुढे चालविला.

बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. तुलनेने लहान, सुमारे ९ मैलांचा व ९७२ फूट चढाईचा थळघाट १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. बांधकामाचा खर्च व मनुष्यहानी आवाक्यात ठेवण्यासाठी एकास सदतीस हा चढ स्वीकारला गेला. त्याची उरलेली किंमत तेव्हापासून आजवर घाट चढणाऱ्या जवळपास प्रत्येक गाडीमागे जादा इंजिनाच्या रूपाने चुकती केली जात आहे.

हा प्रकार एकट्या भारताचा नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळील लिकी या चढणीचे प्रमाण जवळजवळ हेच, एकास ३७.७ आहे. १८४० मध्ये सुरू झालेल्या त्या दोन मैलांच्या चढणीवरही बँकर वापरावे लागले. १९१९ मध्ये त्यासाठी दहा चालकचाकांचे खास इंजिन बांधण्यात आले. ‘बिग बर्था’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या इंजिनाने १९५६ पर्यंत हेच एक काम केले. लिकीची चढण दोन मैलांची, तर बोरघाटाची जवळपास सोळा मैलांची. यावरून बोरघाटातील कामाचे स्वरूप ध्यानात यावे.

वाफेपासून विजेपर्यंत

वाफेच्या काळात घाटाचा प्रवास अधिक बिकट होता. दोन्ही घाटांत ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ची व्यवस्था होती. डोंगराच्या कड्यावर वळण घेण्यास जागा नसल्याने गाडी एका बंद टोकाच्या फाट्यावर जाई आणि तेथून उलट दिशेने पुढची चढण चढे. साहजिकच गाडीचे पुढचे टोक मागे व मागचे पुढे होई.

विजेच्या आगमनाने घाटाचे चित्र पालटले. कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९२९ मध्ये, तर कल्याण-इगतपुरी मार्गाचे त्यापाठोपाठ १९३० मध्ये पूर्ण झाले. त्याच सुमारास बोरघाटातील मार्ग नव्या आखणीने बदलून तेथील रिव्हर्सिंग स्टेशन कायमचे बंद करण्यात आले. घाटातील मालगाड्यांसाठी जीआयपीने ४१ खास विद्युत इंजिने घेतली. त्यांतील पहिली काही स्वित्झर्लंडमधील विंटरथुर येथे व उरलेली इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीत तयार झाली. मध्यभागी सांधा असल्याने ही लांबलचक इंजिने वळणावर अंग मुरडत चालत. जगभर या धाटणीला ‘क्रोकोडाइल’ म्हणजे मगर म्हणत; मुंबईच्या रेल्वे कर्मचाऱ्यांनी त्यांचे नाव ‘खेकडा’ ठेवले. सुमारे सहा दशके या खेकड्यांनी घाटात काम केले. त्यांतील एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात व एक मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात जतन केलेले आहे.

१९७० च्या दशकात चित्तरंजन कारखान्यात बनलेली ५७ ‘डब्ल्यूसीजी-२’ इंजिने त्यांच्या साथीला आली आणि पुढे घाटातील बँकर म्हणून तीच ओळखली जाऊ लागली. मुंबई परिसरातील जुनी १,५०० व्होल्टची एकदिश विद्युतप्रणाली बदलून देशभर प्रचलित असलेली २५ हजार व्होल्टची प्रत्यावर्ती प्रणाली बसविण्याचे मध्य रेल्वेचे काम २०१६ मध्ये पूर्ण झाले. या बदलाच्या ओघात जुन्या एकदिश इंजिनांची सद्दी संपली आणि देशात अन्यत्र धावणारी मालवाहू इंजिनेच बँकर म्हणून घाटात आली.

घाटातील कामाची रीत

कर्जत ते लोणावळा हे अंतर सुमारे २८ किलोमीटर, तर कसारा ते इगतपुरी सुमारे १५ किलोमीटर आहे. पायथ्याच्या स्थानकात बँकर जोडताना केवळ साखळी अडकवून भागत नाही. गाडीच्या हवेच्या ब्रेकची नळीही बँकरच्या नळीशी जोडली जाते. पुढच्या लोको पायलटने ब्रेक लावला की तो शेवटच्या डब्यापर्यंत लागला पाहिजे, याची खात्री झाल्यावरच गाडी निघते. लिकीसारख्या काही परदेशी चढणींवर बँकर गाडीला न जोडता नुसता टेकवून रेटण्याची व माथ्यावर चालत्या गाडीमागून अलगद मागे राहण्याची पद्धत होती. सह्याद्रीच्या लांब व वळणांच्या घाटात मात्र बँकर पक्का जोडलेला असतो आणि लोणावळ्यास वा इगतपुरीस गाडी थांबवूनच तो सोडविला जातो.

बँकरच्या लोको पायलटला समोरचा मार्ग वा सिग्नल दिसत नाही. त्याच्यापुढे असते ती केवळ शेवटच्या डब्याची भिंत. कधी जोर लावायचा, कधी कमी करायचा, कधी थांबायचे हे पुढच्या इंजिनाच्या शिट्यांच्या ठरावीक संकेतांवरून व वॉकी-टॉकीवरून त्याला कळते. पुढचे इंजिन व बँकर यांच्यामधील गार्ड, ज्याला २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ असे पदनाम मिळाले आहे, हाही या संवादातील दुवा असतो. बोगद्यांमागून बोगदे असलेल्या या मार्गावर ही समज अनुभवानेच येते. माथ्यावर सुटलेली बँकर इंजिने एकत्र जोडून पुन्हा पायथ्याशी आणली जातात.

चढण्यापेक्षा उतरणे अधिक जोखमीचे. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर ती थोड्याच वेळात आटोक्याबाहेर जाईल. यासाठी घाटात ‘कॅच सायडिंग’ची योजना आहे. मुख्य मार्गातून फुटून उलट चढावर जाणारा हा बंद फाटा असतो आणि सांधा एरवी त्याच्याच दिशेने लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने तेथे थांबून आपले ब्रेक शाबूत असल्याचे दाखविले, तरच मुख्य मार्गाचा सिग्नल मिळतो. न थांबलेली गाडी आपोआप फाट्यावर जाऊन चढावर अडते. आधुनिक विद्युत इंजिने उतारावर आपल्या मोटारींचाच ब्रेकसारखा उपयोग करून वीज तयार करतात व ती वरच्या तारेत परत सोडतात. त्यामुळे चाकांच्या ब्रेकवरील भार पुष्कळ हलका झाला आहे.

नगरचा लोहमार्ग : घाटमाथ्यावरील दुवा

बोरघाट व थळघाट पूर्ण झाल्यावर दख्खनच्या पठारावर दोन स्वतंत्र लोहमार्ग पसरले. एक पुणे-दौंड-सोलापूरकडे, दुसरा नाशिक-मनमाड-भुसावळकडे. या दोहोंमध्ये थेट जोड नसल्याने एकीकडून दुसरीकडे जाणारा माल एक घाट उतरवून कल्याणला न्यावा लागे व दुसरा घाट पुन्हा चढवावा लागे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाच्या काळातच दौंड-मनमाड मार्ग उभा राहिला आणि १८७८ मध्ये तो सुरू झाला. दौंडहून विसापूर, सारोळा, नगर, वांबोरी, राहुरी, बेलापूर (श्रीरामपूर), पुणतांबा, कोपरगाव, येवला असा हा मार्ग नगर जिल्ह्याला उभा छेदून मनमाडला मिळतो.

दोन्ही टोके घाटमाथ्यावरच असल्याने या मार्गाने सह्याद्रीला वळसा न घालता सरळ बगल दिली. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. वांबोरी, विळद, निंबळक या टापूत मुळा खोऱ्यातून नगरच्या पठारावर चढणारा मार्ग प्रवाशाच्या लक्षात येतो. तरीही तो सह्याद्रीच्या घाटांइतका तीव्र नाही. बंगळूरहून दिल्लीस जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस किंवा पुण्याहून जम्मूस जाणारी झेलम एक्स्प्रेस नगरवरून जाते, तिचे कारण हेच. वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्स्प्रेसही याच मार्गाची. ती गोवा-कर्नाटक सीमेवर दूधसागर धबधब्याजवळचा ब्रागांझा घाट चढून येते. तेथे कुळे ते कॅसलरॉक या चढणीवरही बँकरची प्रथा आहे. तो एक घाट चढल्यावर पुढे बोरघाट वा थळघाटाशी तिचा संबंध येत नाही.

पावसाळ्यात या दुव्याचे मोल अधिक जाणवते. बोरघाटात दरड कोसळली की पुण्या-सोलापूरकडील गाड्या थळघाट, मनमाड, नगर, दौंड या वळणाने सोडल्या जातात. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत मात्र दोन्ही घाट एकाच वेळी बंद पडले, तेव्हा या पर्यायाचाही उपयोग झाला नाही.

बँकरविना घाट

बँकर जोडण्या-सोडण्यात प्रत्येक गाडीची काही मिनिटे जातात. शिवाय परतणारी रिकामी इंजिनेही घाटातील मार्ग अडवितात. मार्गावर गाड्यांची गर्दी वाढली की या मिनिटांना मोल येते. त्यामुळे बँकर टाळण्याचे दोन उपाय अलीकडे अमलात आले.

पहिला उपाय ‘पुश-पुल’ पद्धतीचा. गाडीच्या दोन्ही टोकांना एकेक इंजिन कायमचे ठेवायचे आणि दोन्ही पुढच्याच लोको पायलटने चालवायची. १९ जानेवारी २०१९ रोजी कल्याण-नाशिक मार्गे सुरू झालेल्या मुंबई-निजामुद्दीन राजधानी एक्स्प्रेससाठी ही पद्धत वापरल्याने कसाऱ्यास बँकर जोडण्याचा थांबा वाचला.

दुसरा उपाय म्हणजे ओढबळ इंजिनात न साठविता सगळ्या गाडीत विखुरणे. वंदे भारत गाडीत स्वतंत्र इंजिनच नसते. तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटारी असतात. सोळा डब्यांच्या गाडीत अशा रीतीने ३२ आसांना बळ मिळते, तर सामान्य गाडीच्या इंजिनात ते केवळ सहा आसांना मिळते. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई-सोलापूर व मुंबई-साईनगर शिर्डी या दोन वंदे भारत गाड्या सुरू झाल्या. पहिली बोरघाट चढते, दुसरी थळघाट, आणि दोन्ही बँकरशिवाय. थळघाट चढून विनाबँकर नगर जिल्ह्यात येणारी ही शिर्डीची गाडी म्हणूनच केवळ वेगासाठी नव्हे, तर घाटाच्या इतिहासाच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे.

मालगाड्यांना हे दोन्ही उपाय सहजासहजी लागू पडत नाहीत. साखर, कांदा, खत, सिमेंट, इंधन यांची वाहतूक करणाऱ्या हजारो टनांच्या गाड्यांना एकास सदतीसच्या चढावर बँकर लागणारच.

माळशेजचा प्रश्न

यावरचा खरा तोडगा म्हणजे चढच कमी करणे. स्वित्झर्लंडमध्ये आल्प्स पर्वत ओलांडणाऱ्या गोट्हार्डच्या जुन्या मार्गावर जड मालगाड्यांना जादा इंजिने लागत. २०१६ मध्ये पर्वताच्या पायथ्यातून ५७ किलोमीटरचा जवळजवळ सपाट बोगदा सुरू झाला आणि ती गरज मोठ्या प्रमाणात संपली. सह्याद्रीतही मंद चढाच्या नव्या मार्गिकांची सर्वेक्षणे रेल्वेने केली आहेत. चढ एकास शंभरपर्यंत उतरविला की बहुतेक गाड्यांना बँकर लागणार नाही. पण त्यासाठी मार्गाची लांबी व बोगद्यांचा खर्च कैक पटींनी वाढतो. १८५० च्या दशकात बर्कली यांच्यासमोर असलेला पेच आजही तोच आहे.

नगरच्या वाचकांना हा पेच परका नाही. कल्याणहून मुरबाड, माळशेज घाटमार्गे नगरला जोडणाऱ्या लोहमार्गाची मागणी जिल्ह्यात कित्येक दशकांपासून होत आहे. दौंड अथवा मनमाडचा वळसा टाळून मुंबईला थेट नेणारा हा मार्ग अंतराने जवळचा ठरेल, हे उघड आहे. परंतु नकाशावरील अंतर ही अर्धीच बाब झाली. माळशेजचा कडा कोणत्या चढाने ओलांडायचा, यावर त्या मार्गाची खरी उपयुक्तता ठरेल. तीव्र चढ स्वीकारल्यास बांधकाम स्वस्त पडेल, पण आणखी एक कर्जत किंवा कसारा निर्माण होऊन प्रत्येक मालगाडीमागे बँकरचा खर्च कायमचा लागू होईल. मंद चढ व लांब बोगदे पत्करल्यास सुरुवातीचा खर्च डोळे दिपविणारा असेल, पण तो एकदाच करावा लागेल. बोरघाटात पहिला पर्याय निवडला गेला, त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. त्याचे व्याज आजही कर्जत व कसाऱ्याच्या फलाटांवर रोज भरले जात आहे.